बाबा दमलाय न्हवं?

मराठीत बायकांना थिएटरात रडवायची सोय 'माहेरची साडी'नं १९९१ सालीच करून ठेवली होती. नोकरदार पुरुषांची मात्र पंचाईत होती. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या 'दमलेल्या बाबाची कहाणी'नं ती दूर केली. हे गाणं लागलं की चाळिशीचे गृहस्थ चष्मा काढतात, पुसतात आणि बराच वेळ परत घालत नाहीत. शेजारची बायको समजूतदारपणे स्टेजकडे बघत राहते.

आमच्या कोल्हापुरातल्या शाळेच्या गेट-टुगेदरला पुण्याहून आलेला आयटीवाला मित्र कराओकेवर हेच गाणं घेऊन उभा राहिला. मध्येच त्याचा गळा दाटला, माइक खाली आला, सगळे गप्प. माझ्या शेजारी उद्यमनगरात फाउंड्रीसाठी पॅटर्न करणारा दोस्त बसला होता. तो हळूच म्हणाला, "बाबा दमलाय न्हवं? मग जेवायचं आन् झोपायचं. पोरगी झोपल्याली हाय, तिला कशाला उठवतंय?"

समीक्षा आडदांड होती, पण तिनं बरोबर वर्मावर बोट ठेवलं. या गाण्याला इतकी वर्षं लोक बापलेकीचं गाणं म्हणत आले. मला ते हळूहळू निव्वळ बापाचं वाटायला लागलंय. तो बोलतो, त्याच्या मनात माफी आहे, उद्या लवकर यायचे बेत आहेत, लेक मोठी झाल्यावर आपल्याला आठवेल की नाही याची धास्ती आहे. पण ऐकणारी झोपलेली आहे. झोपलेल्या माणसापुढे कबुलीजबाब देण्याइतकं सुखाचं काम नाही. उलटतपासणी होत नाही. सकाळी ती विचारणार, "काल का नाही आलास?" तेव्हा गाणं संपलेलं असतं आणि गाण्यात राजा झालेले हे बाबा लोकल पकडायला धावत असतात.

हो, लोकल. हा राजा लोकलनं जातो, म्हणजे मुंबईचा. आमच्याकडे लोकल नाही. आमच्याकडे रेल्वे येते आणि संपते. छत्रपती शाहू महाराज टर्मिनसच्या पुढे रूळच नाहीत. त्यामुळे कोल्हापुरात घरी पोचायला उशीर झाला तर तो गर्दीमुळे झाला असं सांगता येत नाही. कुठल्या कट्ट्यावर बसला होतास ते सांगावं लागतं.

गाण्याला साचा व्रताच्या कहाणीचा आहे. अशा कहाणीत राजा उतला, मातला, देवी कोपली, राज्य गेलं, मग त्याला उपरती झाली आणि सगळं सुफळ संपूर्ण झालं. इथे राजाला उपरती रोज रात्री होते आणि तरी काही संपूर्ण होत नाही, कारण कोपायला देवीच नाही. साहेब आहे, पण त्याचं नाव गाण्यात येत नाही. फ्लॅटचा हप्ताही येत नाही, पगारवाढही नाही. बाबा कशासाठी दमला हे गाणं एका अक्षरानंही सांगत नाही, आणि म्हणूनच ते सगळ्यांना आपलं वाटतं, असा माझा संशय आहे. कारण सांगितलं असतं तर निम्म्या सभागृहानं "मग एवढा मोठा फ्लॅट घ्यायचाच कशाला?" असं म्हणून डोळे पुसले असते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये या दमण्याची, म्हणजे बर्नआउटची, व्याख्या केली. तो आजार नव्हे, नोकरीशी संबंधित स्थिती आहे, असं तिचं म्हणणं. म्हणजे सिक लीव्ह टाकायचीही पंचाईत. आमच्या आज्यांचं निदान जास्त सरळ होतं: "पोरगं वाळलंय."

दमण्यावरचं कोल्हापूरचं स्वतःचं गाणं बाबाच्या गाण्याच्या कितीतरी आधीचं आहे. भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं'मधलं, १९६५ सालचं 'ऐरणीच्या देवा'. लिहिलं जगदीश खेबुडकरांनी, जे पेशानं शाळामास्तर होते. संगीत 'आनंदघन' यांचं, म्हणजे लता मंगेशकरांचं. (देशातल्या सगळ्यात मोठ्या नावानं आपलं नाव झाकून काम करावं, हा महत्त्वाकांक्षेचा कुठला प्रकार म्हणायचा कोण जाणे.) लोहाराची बायको ऐरणीच्या देवाला साकडं घालते. काम कमी कर असं म्हणत नाही, सुट्टी मागत नाही. अब्रू राहू दे, सोसायला आणि लढायला ताकद दे, एवढंच. हे मागणं आज एखाद्या कंपनीच्या एचआरच्या हाती लागलं तर ते फ्रेम करून कॅन्टीनमध्ये टांगतील.

त्या काळी कष्टात सुख होतं, असलं काही मी म्हणणार नाही. भट्टीपुढे कोणालाच सुख नसतं. फाउंड्रीत एक पाळी करून आलेल्या माणसाला विचारा. पण त्या गाण्यात दमणारा आणि बघणारा एकाच भट्टीशी आहेत. त्याचा घण पडताना ती भात्याशी असते. तो किती दमला हे तिला सांगावं लागत नाही. बाबाच्या गाण्यात मात्र आई लांबून बघते, हसत हसत रागावते, बस्स. ती दिवसभर काय करत होती याची चौकशी नाही. दमलेल्या आईचं गाणंही कोणी लिहावं, पण ते ऐकायला तिला बसायला मिळालं पाहिजे.

रविवारी रात्री हायवेवर तावडे हॉटेलच्या चौकात उभं राहून बघा. पुण्याच्या बसेस भरत असतात. पाठीवर लॅपटॉप, हातात गुळाची ढेप आणि कांदा-लसूण चटणीची बरणी. सोडायला आलेला बाप "पोचलास की फोन कर" म्हणतो आणि बस गेल्यावरही स्कूटर चालू करत नाही. मला वाटतं, आमच्या गावात बाबाचं हे गाणं उलटं वाजतं. दमलेला मुलगा पुण्याच्या हिंजवडीत आहे आणि त्याची वाट बघत टीव्हीपुढे पेंगतोय तो सत्तरीचा बाप, हातात मोबाईल धरून. गंमत अशी की "इथं काय ठेवलंय, पुण्याला जा" हे वाक्य त्याचंच. मुलाची महत्त्वाकांक्षा मुळात त्याची होती. मुलानं ती पुढे चालवली, वडिलोपार्जित धंदा चालवावा तशी. आता सांगणार कोणाला? मुलगा म्हणतो, "मजेत आहे." बापही म्हणतो, "आमचं काय, मजेत." दोघेही आपापल्या टोकाला दमलेले.

तर पुण्यातल्या, मुंबईतल्या आणि त्याहून लांबच्या दमलेल्या बाबांनो, गाणं गाडीत ऐका, कराओकेवर म्हणा, रडायचं तर मोकळेपणानं रडा. पण घरी फोन नऊच्या आत लावा. आमच्या गंगावेशीच्या कट्ट्यावर पहाटे म्हशीचं ताजं दूध प्यायला जाणारी माणसं साडेनऊला झोपतात. पलीकडून पहिला प्रश्न "जेवलास का?" हाच येईल. त्याचं उत्तर खरं द्या.