गळतीचे कारभारी

जुनी मोटार बाळगणारी माणसे पुष्कळ असतात; परंतु जुन्या मोटारीत बिछाना, शेगडी आणि भांडी घासण्याची मोरी बसवून तिला फिरते घर म्हणविणारा, आणि त्या घराखाली थेंब कोठून पडतो याच्या तपासात आयुष्याचा उत्तरार्ध वेचणारा जो वर्ग अलीकडे उदयास आला आहे, त्याचे अस्सल दर्शन घ्यायचे असेल तर आमच्या मेहुण्यांना भेटावे. ते महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी १९९६ सालची डिझेल व्हॅन घेतली. दोन बैठकांच्या मधोमध झाकणाखाली इंजिन असलेल्या या वाहनात चालकाचा डावा गुडघा बारमाही शेकत असतो. पण संधिवाताला ते हितकारकच, असे मेहुणे मानतात.

गळती सुरू झाली तेव्हा दुसरा कोणी मिस्त्रीकडे गेला असता. मेहुण्यांनी दप्तर उघडले. रोज रात्री इंजिनाखाली ताईच्या सहाच्या संचातली एक बशी ठेवायची आणि पहाटे बॅटरी घेऊन रोजकीर्दीत नोंद करायची: ‘मुक्काम शिरवळ, बशी पाऊण, रंग हिरवा, सबब मोरीचे पाणी नव्हे, कूलंटच.’ प्रथम संशय रबरी नळ्यांवर होता. कडक झालेली नळी गारठ्यात क्लिपेपाशी पाझरते आणि इंजिन तापले की फुगून पुन्हा साळसूद होते, हा सिद्धांत त्यांनी मला दोन वेळा जेवताना आणि एकदा स्मशानात समजावून सांगितला. नळ्या बदलल्या, बशी भरतच राहिली. ‘हेड गास्केट’ हा शब्द मात्र ते, घराण्यातल्या एखाद्या असाध्य व्याधीचे नाव घ्यावे तसा, दार लोटूनच उच्चारीत.

अखेर खंबाटकीच्या चढावर काटा लाल रेषेला भिडला, आमच्या गुडघ्यांमधून वाफ वर आली आणि ताईने न सांगताच शेगडी पेटवून चहाचे आधण ठेवले. मी फडके घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे सरसावलो, तोच मेहुणे गरजले, “खबरदार!” आणि मग, मागे मालमोटारींचे भोंगे वाजत असता, त्यांनी विवेचन आरंभिले: ते झाकण केवळ झाकण नसून आतला दाब राखणारा पहारेकरी आहे, त्या दाबामुळे शंभर अंशांना उकळणारे पाणी ११५ अंशांपुढेही निमूट राहते, आणि तो सुटला की उकळून उघडणाऱ्याच्या तोंडावर येते, सबब अर्धा तास थांबणे. (हे मात्र अक्षरशः खरे आहे, वाचकांनी ध्यानात ठेवावे.) इतक्यात एक मालमोटारवाला खाली वाकून पाहत म्हणाला, “काका, हळद टाका हळद.” ताईचा डबा आला, गाडी निवल्यावर चार चमचे हळद रेडिएटरमध्ये गेली, आणि आश्चर्य म्हणजे गळती मंदावली. वाईपर्यंत गाडीला फोडणीचा वास येत होता. परंतु ती पूड रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साचते या विचाराने मेहुण्यांना त्या रात्री झोप आली नाही.

परत आल्यावर ताईने गाडी परस्पर नाना पेठेतल्या मिस्त्रीकडे धाडली. त्याने आत बोट फिरवून निर्णय दिला, “वॉटर बॉडी गेली, साहेब.”

“पुरावा?” मेहुणे म्हणाले.

मिस्त्रीने त्या बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, पोटाखालचे, डाळीच्या दाण्याएवढे छिद्र आणि त्याभोवती वाळलेली हिरवट खपली दाखविली. सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी बाहेर यावे म्हणून कारखान्यानेच ते ठेवलेले असते. म्हणजे खुद्द पंपाने फिर्याद देण्याची खिडकी उघडी ठेवली होती, आणि अठरा महिन्यांच्या रोजकीर्दीत तिचा उल्लेखही नव्हता. दोन तासांत नवा पंप बसला. आपण रजेवर असताना हाताखालच्या माणसाने प्रकरण निकाली काढावे, तशी मेहुण्यांची मुद्रा झाली. काढलेला पंप मात्र त्यांनी मुद्देमाल म्हणून मागून घेतला.

परवा गेलो तेव्हा तो दिवाणखान्यातल्या कपाटात, ब्रासोने लख्ख घासून ठेवलेला दिसला. त्याच्याखाली ताईच्या संचातली सहावी बशी होती.

“भाऊजी, आता ही कशाला?” मी विचारले.

“असू द्या,” मेहुणे म्हणाले, आणि बॅटरी पाजळून त्यांनी बशीत एकवार पाहून घेतले.