पिकअपचा हट्ट

चाळीसगावहून कन्नडला जाताना औट्रम घाटात गाडी दमली, की आमच्या नांदगावात चहाच्या टपरीवर निदान तयार असतं : "टायमिंग थोडं पुढं घ्या भाऊ, मग बघा पिकअप!" हे सांगणाऱ्यांची उमेदीची वर्षं फियाट नि अँबेसिडरच्या बॉनेटखाली गेलेली. तेव्हा ते खरंच होतं. मिस्त्री डेल्कोचा, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा, बोल्ट सैल करी, डेल्को केसभर फिरवी आणि कान इंजिनाला लावी. पेट्रोलची वाफ जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते. किती आधी, यातच सगळी कला. जराशी लवकर पडली, की गाडी कमी फेऱ्यांवरही उचल खाई. फार लवकर पडली, की चढावर इंजिन खडखडून निषेध नोंदवी. मग मिस्त्री डेल्को थोडा मागं घेई आणि हात पैशासाठी पुढं करी.

आताच्या गाडीचं बॉनेट उघडलं, तर फिरवण्यासारखं काही सापडतच नाही. डेल्को गेला, बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची कॉइल बसली. क्रँक कुठवर फिरला हे सेन्सर सांगतो, ठिणगीची वेळ संगणक ठरवतो, आणि ब्लॉकवरच्या नॉक सेन्सरनं खडखड ऐकली रे ऐकली, की ठिणगी मागं ढकलली जाते. मिस्त्रीचा कानच कंपनीनं गाडीत बसवलाय. फरक एवढाच, की तो मध्येच तंबाखू मळायला जात नाही.

पण कांद्याच्या मुलखात राहून टायमिंगबद्दल गप्प कसं बसायचं? माल चाळीत धरून ठेवावा की आजच बाजार समितीत न्यावा, यावर इथं प्रत्येकजण तज्ज्ञ. चाळीला मात्र नॉक सेन्सर नसतो. अंदाज चुकल्याचं वासावरून कळतं.

गाडीच्या टायमिंगचा हट्ट सुटत नाही, ती हौशी मंडळी लॅपटॉप जोडून गाडीचा संगणक 'रिमॅप' करून आणतात. टर्बो इंजिनात उचल वाढतेही. साध्या इंजिनात कंपनीनं फारसं शिल्लकच ठेवलेलं नसतं. वॉरंटी धोक्यात येते, आणि 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 च्या धुराचा हिशेबही बिघडू शकतो.

स्वस्त उपाय आहेत. एअर फिल्टर साफ ठेवावा, टायरांत नेमकी हवा भरावी, डिकीतलं कांद्याचं पोतं उतरवावं आणि चढ लागताच दुसरा गिअर टाकावा. अडचण एकच : "दुसऱ्या गिअरवर घाट चढलो," असं सासुरवाडीत अभिमानानं सांगणारा जावई अजून जन्माला यायचाय.