मुक्कु म्हणजे नाक

मी लातूरची. ‘पॅटर्न’ म्हटलं की आमच्याकडं कपड्याचा बेत कुणाला आठवत नाही, क्लासची वेळ आठवते. तर असं पाठांतराचं बाळकडू घेऊन मी नांदेडला नर्सिंगच्या जीएनएम कोर्सला गेले. तिथं वहीत २० बाळंतपणं स्वतःच्या हातांनी केलेली दाखवावी लागतात. त्यासाठी आम्हाला देगलूरकडं, तेलंगणाच्या सीमेवरच्या एका दवाखान्यात धाडलं. पासपोर्ट लागला नाही. बाकी सगळा परदेशच.

१९५६ साली हैदराबाद राज्याची भाषेप्रमाणं वाटणी झाली, पण देगलूर-बिलोलीकडच्या कैक घरांनी ती मनावर घेतलेली नाही. सासू मराठीत बोलते, सून तेलुगूत उत्तर देते आणि भांडण दोघींना शब्दन्‌शब्द कळतं. उदगीर-देवणीकडं तेच कानडीचं. माझी आजी देवणीची. तिच्याकडून मी कानडी शिव्या तेवढ्या शिकले. लेबर रूममध्ये त्या नर्सनं वापरायच्या नसतात. (बाळंतिणीला मुभा असते.)

मग मी वही केली. डावीकडं तेलुगू, उजवीकडं मराठी, शब्द ४०. नोप्पि म्हणजे दुखणं, नीळ्ळु म्हणजे पाणी, मुक्कु म्हणजे नाक. दोन रात्रींत तोंडपाठ.

पहिलाच प्रश्न टाकला, ‘एन्नो नेल?’ म्हणजे कितवा महिना? आता तेलुगूत ए दोन असतात, आखूड आणि लांब. आपल्या मराठीचं एकावर भागतं. आखूड ए घेतला तर नेल म्हणजे महिना, लांब घेतला तर जमीन. मी वजन पडावं म्हणून ए चांगला ओढला. ती बिचारी फरशीकडं बघायली. शेजारून सासू मराठीत म्हणाली, “जमीन कुठली बाई, बटईनं करताव.” मी तेही केसपेपरवर लिहिणार होते.

दुसऱ्या दिवशी आयामावशी एकीला म्हणाल्या, “पडुको.” मला ऐकू आलं ‘पडू नको’. मी धावत जाऊन तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पडुको म्हणजे आडवी हो. मावशी तिला निजवायल्या आणि मी उभी करायले. ती मधल्या मधे लोंबकळत राहिली.

पण खरा पराक्रम तिसऱ्या रात्रीचा. सीमेपलीकडून इकडं दिलेली बाई, दुसरी खेप. सहा वर्षं नांदून तिचं मराठी माझ्याइतकंच चांगलं झालेलं. संध्याकाळी तिनं मला ऊन पाणी नीट मराठीत मागितलं होतं. कळा वाढल्या तशी मात्र मराठी एकेक शब्दानं गळत गेली आणि उरली निव्वळ तेलुगू. मी वहीतली पानं मनात चाळायले. तेवढ्यात मावशी ओरडल्या, “मुक्कु! मुक्कु!”

हा शब्द मला येत होता! परीक्षेत पाठ केलेलाच प्रश्न यावा तसं झालं. नाक! नाकाला काहीतरी झालंय! मी तिचं नाक तपासलं, घाम पुसला, ऑक्सिजनची नळी ओढत आणली. मावशी आणखी मोठ्यानं, “मुक्कम्मा, मुक्कु!” मी आणखी जोरात नाक धरलं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तसं तिचं उघडलं आणि त्यातून जे बाहेर पडलं ते माझ्या ४० शब्दांत नव्हतं. अर्थ तरीही कळला.

“नाक कायला धरलालीस गं?” मावशी म्हणाल्या. “कुंथ म्हणायले मी तिला!”

तेलुगूत मुक्कु म्हणजे नाक आणि मुक्कु म्हणजेच कुंथ. वहीत दुसरा अर्थ नव्हता, कारण मी शब्द उतरवले होते डोक्यापासून पायापर्यंत, अवयवांच्या क्रमानं. बाळंतपणाच्या कामाचा एकुलता एक शब्द बरोबर नाकावर अडकून राहिला होता.

माझा हात बाजूला सारून सिस्टरनी पुढचं सगळं केलं. त्यामुळं हे बाळंतपण माझ्या २० मध्ये धरलं गेलं नाही. चार-पाच कळांत मुलगी झाली, आणि बाहेर येताच तिनं टाहो फोडला. आईचं मराठीही लगेच परत आलं, तिचा पहिला प्रश्न माझ्याबद्दल होता, “ही नवी हाय का?”

मावशींनी गॉज माझ्या हातात ठेवलं. लेकराकडं बोट करून सावकाश, शाळेत शिकवावं तसं म्हणाल्या, “आता पूस. मुक्कु.”

मी आधी तोंड पुसलं, मग नाक. तो क्रम पाठ होता.