पावसाळी नाना

भर मे महिन्यात खानदेशात कोणी ओल्या जंगलाचा विषय काढला, तर लोक त्याला आधी सावलीत बसवतात. भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे, सातपुड्यातला साग उघडाबोडका. पण त्याच दुपारी जळगाव-धुळ्याच्या कुठल्याशा कॉलनीत एक नाना पंख्याखाली ट्रायपॉडचे स्क्रू आवळत असतो. असा नाना प्रत्येक कॉलनीत एक तरी असतोच.

दुखणं जुनं आहे. पुण्याचे व्याही एकदा म्हणाले, "तुमच्याकडे काय, ऊन आणि केळी!" तेव्हापासून नाना पुरावे गोळा करताहेत. जग ज्याला संपलेला समजत होतं तो रानपिंगळा 1997 साली शहाद्याजवळ सापडला, हा त्यांचा हुकमी एक्का. "आणि शहादा तेव्हा धुळ्यातच होता!" जळगावचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि आंबोलीचा सात हजारांवर, हा हिशेब मात्र ते ऐकून घेत नाहीत. "पाऊस मोजू नका, फोटो बघा."

झड लागली की स्वारी पाटणादेवीला निघते. मागे भाचा, भाच्याच्या हातात छत्री. छत्री कॅमेऱ्यासाठी, नानांची वॉरंटी कधीच संपली आहे. कॅमेऱ्याला हॉटेलातून आणलेली अंघोळीची टोपी. बाकीची जनता केदारकुंडाच्या धबधब्याकडे तोंड करून सेल्फी घेते, नाना धबधब्याकडे पाठ करतात. त्यांना हवा गुंता. गुळवेलीच्या लोंबत्या दोऱ्या, बाभळीतून वर चढून लाल-पिवळी पेटलेली कळलावी, शेवाळलेली खोडं. डोळ्याला हे देखणं दिसतं, कॅमेऱ्यात नुसती खिचडी होते. कारण नाना झक्क समजावतात: डोळ्याला खोली कळते, कॅमेरा मात्र पुढचं-मागचं सगळं एकाच पाटावर आणून बसवतो. म्हणून धुकं हवं. धुक्यात मागची झाडं पुसट होतात आणि पुढचं एकटं उठून दिसतं. शेजारच्या कपाशीवाल्याला निंदणीसाठी उघडीप हवी असते. नाना ऊन पडलं की आभाळाला शिव्या देतात.

मग पोलरायझर. भिंगापुढची ही काच फिरवली की ओल्या पानांवरची चकाकी जाऊन आतला हिरवा रंग वर येतो. हा प्रयोग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला जातो. "गेली ना? गेली ना चकाकी?" एक गुराखी बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून उभा होता. शेवटी न राहवून म्हणाला, "ते झाड काय पळी जाई राह्यनं का भाऊ?"

ऑगस्टात सागाच्या पानांची जाळी होते. हिरवं सगळं खाल्लेलं, उरतात फक्त शिरा, आणि त्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. नाना चिखलात गुडघे रोवून पानाला नाक लावतात. "निसर्गाची नक्षी!" वनरक्षक म्हणतो, "अळी पडलीय साहेब." फोटोखालचं नाव बदलत नाही.

नानी दगडावर बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा सोडतात. "माझा एक काढा की." नाना साडीकडे बघतात. "जांभळ्यानं हिरवा मरतो गं." इतक्या वर्षांच्या फोटोंत नानींचा फोटो एकच, तोही अर्धा, वेलीमागून कोपर आलंय.

सगळ्यांत झकास धुकं पुण्याला पाठवलं. उत्तर आलं, "वा! आंबोली का?" त्या रात्री नानांनी जेवण टाळलं.

यंदा मात्र कदर झाली. गावातल्या पतपेढीने तोच फोटो दिनदर्शिकेत जुलैच्या पानावर छापला. धुकं होतं तिथे गोल चौकटीत चेअरमनसाहेब, हात जोडून. नाना आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. पण परवा पाटणादेवीला भाचा ओरडला, "मामा, उजवीकडे वर केवढी जागा सोडलीय!" नाना डोळा न काढता म्हणाले, "असू दे. पुढच्या वर्षी व्हाइस-चेअरमनपण आहेत."