दोन नंबरची भानगड

अण्णांनी हात लावेपर्यंत गाडी उत्तम चालत होती. ही गोष्ट सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ती फक्त अण्णांना. असे अण्णा कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत प्रत्येक पार्किंगमध्ये एक तरी असतात. बँकेतून नाहीतर सरकारी खात्यातून निवृत्त, चष्मा दोरीने गळ्यात, अंगात नातवाचा जुना टी-शर्ट. गॅरेजवाले लुबाडतात यावर त्यांची गाढ श्रद्धा असते. पान्यांच्या पेटीशेजारी श्रीखंडाचा रिकामा डबा असतो आणि त्यात दर दुरुस्तीनंतर उरलेले स्क्रू, वायसर, क्लिपा जमा होतात. "कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात," हे अण्णांचं त्यावरचं मत.

ही विद्या अण्णांकडे वडिलांकडून आली. वडिलांची फियाट होती. त्या काळी गाडी बाळगायची म्हणजे निम्मं मेकॅनिक व्हावंच लागे. उन्हाळ्यात खंबाटकीच्या चढावर पेट्रोलची पाइपातच वाफ व्हायची, मग बॉनेट उघडून पेट्रोलपंपावर ओलं फडकं टाकायचं आणि गाडीचा राग शांत होईपर्यंत कलिंगड खायचं. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे, पॉइंटची फट नजरेने बघायची. वडिलांनी लहानग्या अण्णांकडून फायरिंग ऑर्डर पाढ्यासारखी घोकून घेतली होती: एक-तीन-चार-दोन. अण्णा आजही बॉनेट उघडताना ती पुटपुटतात. आताच्या त्यांच्या गाडीला तीनच सिलिंडर आहेत, पण चौथा गाळणं त्यांच्या जिवावर येतं.

तर झालं असं, की गाडीचे प्लग बदलायची वेळ आली. गॅरेजवाल्याने मजुरी सांगितली आणि अण्णा नुसते हसले. नाना पेठेत जाऊन ते घासाघीस करून तीन प्लग घेऊन आले. हल्लीच्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसलेली असते. एक बोल्ट, एक सॉकेट, की ती अलगद हातात येते. काम खरंच सोपं आहे. अण्णांनी दोन तासांत ते उरकलं, गाडी चालू केली, पार्किंगमध्ये ती सुरेल गुणगुणली आणि अण्णांनी गॅलऱ्यांकडे एक नजर फिरवली.

संध्याकाळी वहिनींना घेऊन ते चांदणी चौकाच्या चढाला लागले. एसी चालू होता. आणि गाडी अडखळायला लागली. दादरा रंगात आलेला असताना तबलजीने दर आवर्तनात एक मात्रा गिळावी, तसं. चार सिलिंडरांत एक गेला तर पाव ताकद जाते. तिनांत एक गेला तर सरळ तिसरा हिस्सा, आणि ते बसणाऱ्याच्या मणक्यांनाही समजतं. वहिनी म्हणाल्या, "अहो, सकाळी काहीतरी केलंत ना?" अण्णा म्हणाले, "त्याचा याच्याशी काय संबंध?"

अण्णांचं सगळं निदानशास्त्र या एका वाक्यात आहे. मिसिंग शोधायचं म्हणजे शेवटचा हात कुठे लागला ते आधी बघायचं, हे गॅरेजमधल्या चहा आणणाऱ्या पोराला कळतं. अण्णा मात्र शोधाची सुरुवात स्वतःच्या हातापासून जितकं लांब जाता येईल तितक्या लांबून करतात. पहिला आरोपी पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल असतं, इथेनॉल उसापासून निघतं, आणि ऊस कोल्हापूर-सांगलीकडे पिकतो. त्यामुळे पहिला आठवडा अण्णा सहकारी साखर कारखानदारीवर बोलले. मग पावसाळी हवा. मग ड्रायव्हिंग शिकायला गाडी नेणारा भाचा. तो नेऊन वर्ष झालं होतं.

त्यानंतर यंत्र आलं. आपल्याकडे २०१३पासूनच्या गाड्यांना स्टीअरिंगखाली एक खाच असते. तिच्यात काड्यापेटीएवढं स्कॅनर खोचलं की गाडीच्या मेंदूतली तक्रार मोबाइलवर दिसते. अण्णांच्या मोबाइलवर उमटलं: पी०३०२. यात ०३०० म्हणजे सिलिंडर चुकताहेत पण कुठला ते नक्की नाही, आणि शेवटचा आकडा आला की तो सिलिंडरचा नंबर. म्हणजे दोन नंबर. गाडीने गुन्हेगाराचा पत्ता लिहून दिला होता. अण्णांनी तो वाचला, दिसेल त्याला दाखवला, लिफ्टमध्ये मलाही दाखवला. त्या पत्त्यावर जाऊन बघायचं तेवढं राहिलं.

आता यापुढची रीत अशी: दोन नंबरची कॉइल एकावर लावायची आणि एकाची दोनावर. तक्रार कॉइलबरोबर एक नंबरला सरकली, तर कॉइल वाईट. तक्रार दोनवरच बसून राहिली, तर कॉइल निर्दोष. मग प्लग बघा, इंजेक्टर बघा. एका वेळी एकच बदल. पण एका वेळी एकच गोष्ट करणं अण्णांच्या रक्तात नाही. त्याच रविवारी त्यांनी कॉइली बदलल्या, टाकीत इंजेक्टर साफ करायची बाटली ओतली, एअर फिल्टर झटकला आणि बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली. त्या वायरीसरशी गाडीच्या मेंदूतली जुनी तक्रार पुसली गेली. मोबाइलवर शून्य. अण्णांनी पेढे आणायचे तेवढे राहिले. दुसऱ्या दिवशी चढावर पी०३०२ पुन्हा हजर. आता कुठली कॉइल मूळची कुठली हेही कुणाला सांगता येईना, म्हणून अण्णांनी एक नवी विकत आणली. मजुरी वाचवण्यातला खर्च हा असा वाढत जातो. तो अण्णा वहीत 'किरकोळ' या सदरात मांडतात.

मग डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. तो स्थिर पेटला तर सवडीने बघा. लुकलुकला तर गाडी चालवू नका, कारण न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि ती वस्तू महाग आहे. अण्णांनी लावलेला अर्थ वेगळा. "लुकलुकतोय म्हणजे पूर्ण बिघाड नाही. मधूनमधून आहे." वहिनी त्या दिवसापासून रिक्षाने जायला लागल्या.

शेवटी वहिनींनीच परस्पर मेकॅनिकला फोन केला. पोरगा स्कूटरवरून आला, आणि त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. आधी विचारलं, "काका, हे सुरू व्हायच्या आधी काय काढलं होतं?"

अण्णांनी इथेनॉलपासून सुरुवात केली. पोराने शांतपणे ऐकून घेतलं. त्याला बहुधा दिवसाला दोन अण्णा भेटत असावेत. ते भाच्यापर्यंत पोचले तेव्हा त्याने दोन नंबरची कॉइल उचलली, प्लग काढला आणि उजेडात धरला. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी काळी रेघ होती. पार्किंगमध्ये इंजिनवर भार नसतो, तेव्हा ठिणगी आपल्या जागी पडते. चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की तिला तिथे उडी मारणं जड जातं, आणि ती या चिरेतून चोरवाटेने लोखंडात पळते.

"काका, हा पडला होता का?"

"छे! माझ्या हातून?"

"पडला होता ना साहेब," वॉचमन मनापासून मदत करायला पुढे झाला. "घरंगळत पार गटाराच्या जाळीपर्यंत गेला होता. मीच पुसून दिला तुम्हाला."

पार्किंगमध्ये जरा शांतता पसरली. अण्णांनी चष्मा लावला, प्लग हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"पडला होता," ते म्हणाले. "आपटला नव्हता."

पोराने काही न बोलता नवा प्लग आधी नुसत्या बोटांनी आटे धरून फिरवला, मग पाना लावला. गाडी चढावर नेऊन आणली, एसी लावून आणली. अण्णा शेजारी बसून गेले आणि येताना म्हणाले, की निदान तर त्यांचंच होतं, दोन नंबर त्यांनी पहिल्यापासून सांगितला होता, तेव्हा मजुरी निम्मीच धरावी. पोराने पैसे मोजून खिशात टाकले आणि निघता निघता सवयीने विचारलं, "आणखी काही उघडलं नव्हतं ना?"

"काही नाही," अण्णा म्हणाले.

वरच्या गॅलरीतून वहिनींचा आवाज आला. "अहो, त्यांना वायपरच्या मोटरचं सांगा की!"