भिडस्त हप्तेकरी

पगार एक तारखेला येतो, हप्ता पाच तारखेला जातो आणि मधले चार दिवस ज्याला आपण श्रीमंत असल्यासारखं वाटतं, तो हप्तेकरी. डोंबिवली, बदलापूर, विरार, पुण्याचा सिंहगड रस्ता, नाशिकचा पाथर्डी फाटा या पट्ट्यांत तो मुबलक आढळतो. दारावरची पाटी त्याची, घराचे मूळ कागद बँकेच्या तिजोरीत. सहा तारखेपासून तो घरात दिवे विझवत हिंडतो. टूथपेस्टची ट्यूब लाटण्याने लाटून घेतो, गिझरला दहा मिनिटांची मुदत घालतो, जुन्या बनियनचं फडकं करतो आणि त्या फडक्याचं पायपुसणं. कुटुंबाला हॉटेलात नेलं तर तीन पावभाज्या आणि जास्तीचे पाव अशी मागणी आधीच ठरलेली असते, आणि ‘पिण्याचं पाणी साधंच’ हे वाक्य तो वेटर टेबलापाशी पोचण्याआधीच म्हणतो. भाजीवालीकडून कोथिंबीर फुकट मिळवली नाही असा त्याचा दिवस जात नाही. मिळालीच नाही, तर निदान चार मिरच्या तरी.

अशा माणसाबद्दल शहाण्यासुरत्यांचं मत ठरलेलं आहे: याला हिशेब येत नाही, मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. आकडे मांडले तर हे मत पटण्यासारखंच आहे. ३० लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. हप्ता पडतो २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० रुपये नुसत्या व्याजात जातात, मुद्दलाच्या वाट्याला ४,७८५ येतात. वीस वर्षांत बँकेत साडेबासष्ट लाखांच्या आसपास भरायचे, म्हणजे एक घर स्वतःसाठी आणि एकाहून थोडं अधिक घर बँकेसाठी. इतकं पाणी दारातून वाहत असताना हा गृहस्थ मिरच्या मोजतो, याला काय म्हणावं?

मला मात्र हे निदान चुकीचं वाटतं. हप्तेकऱ्याला हिशेब उत्तम येतो. वर दिलेले सगळे आकडे त्याच्या मोबाइलमध्ये एक्सेलच्या तक्त्यात आहेत, आणि मुद्दल किती फिटलं हे तो लोकलमध्ये उभ्याउभ्या बघत असतो. स्वतःचा सिबिल स्कोअर त्याला पोराच्या दहावीच्या टक्क्यांपेक्षा चांगला पाठ असतो. अडचण गणिताची नाहीच, भिडेची आहे. तो काटकसर करतो ती जिथे पैसा जास्त वाचेल तिथे नव्हे, जिथे त्याला भीड वाटत नाही तिथे. भाजीवाली, रिक्षावाला, केबलवाला, घरकामाच्या मावशी, स्वतःची बायको आणि स्वतःचं पोट यांची त्याला भीड नाही. बँकेच्या टेबलापलीकडे बसलेल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या सव्वीस वर्षांच्या मुलाची त्याला विलक्षण भीड आहे. त्या मुलाला तो ‘सर’ म्हणतो. भीड भिकेची बहीण असं जुनी माणसं सांगत. या घरात ही बहीण वीस वर्षांच्या मुदतीने माहेरपणाला आलेली असते.

याचा पुरावा व्याजाच्या दरात सापडतो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जं बाहेरच्या मानकाला, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, जोडलेली आहेत. रेपो दरावर आपलं चालत नाही, हे खरं. पण त्याच्या वर बँक जो फरक लावते, तो नव्या गिऱ्हाइकाला कमी आणि जुन्याला जास्त असं पुष्कळदा होतं, आणि जुन्याने अर्ज करून थोडं शुल्क भरलं तर दर खाली येण्याची वाट असते. त्याहून आधीची कर्जं तर कैक ठिकाणी अजून जुन्याच पद्धतीवर पडून आहेत, कारण ती बदलून घ्यायला कोणी गेलंच नाही. आता गंमत बघा. वरच्या कर्जात दर अर्ध्या टक्क्याने उतरला आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत जवळजवळ वीस महिन्यांनी घटते. म्हणजे पाच लाखांहून जास्त रुपये भरावेच लागत नाहीत. कष्ट किती? एक अर्ज, दोन खेपा आणि ‘आमचा दर कमी करा’ हे चार शब्द. कोथिंबिरीसाठी याहून जास्त शब्द खर्च होतात. पण हे चार शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. ‘आपण कर्ज काढलंय, आपण कसं मागायचं?’ असा त्याचा प्रश्न असतो, जणू बँकेने त्याला उपकार म्हणून पैसे दिलेत आणि व्याज ही कृतज्ञतेची दक्षिणा आहे.

भिडेची पहिली पावती खरं तर कर्जाच्या पहिल्याच दिवशी फाडलेली असते. कर्जासोबत एक विमा ‘घ्यावाच लागतो’ असं त्याला सांगितलं जातं. त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिसळतात, म्हणजे त्या विम्यावरही तो वीस वर्षं व्याज भरतो. घरातल्या कर्त्याचा विमा असावाच. पण मुदतीचा साधा विमा बाहेर केवढ्याला पडतो, ही चौकशी त्याने केलेली नसते. शर्ट घ्यायला चार दुकानं फिरणारा हा माणूस इथे फुलीची खूण दिसेल तिथे सही करत जातो. सत्तर-ऐंशी सह्या होतात. वाचलेल्या ओळी त्याहून कमी असतात.

मग २०२२ सालासारखं साल येतं. करोनाच्या काळात राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणलं होतं, व्याजही पावणेसात-सातच्या घरात होतं. ४० लाखांच्या घरावर सव्वा लाखाच्या आसपास वाचतील या हिशेबाने हप्तेकऱ्यांनी निबंधक कार्यालयांत गर्दी केली. पुढे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर चढला. पावणेसात टक्क्यांनी ३० लाख घेतलेल्याचा हप्ता होता २२,८११. सव्वानऊ टक्के झाल्यावर, साडेअठ्ठावीस लाख शिल्लक धरली तर, नुसतं व्याजच २२ हजारांच्या जवळ पोचलं, आणि मुद्दलाला आठशे-साडेआठशे उरले. हप्ता तोच ठेवायचा म्हटलं तर उरलेल्या अठरा वर्षांची पस्तीसहून जास्त होतात. बऱ्याच जणांच्या खात्यात तोवर मुदत मुकाट्याने लांबलेलीच होती, आणि हप्ता वाढला नाही म्हणून ते खुशीत होते. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. स्वतःच्या कर्जाबद्दल आपल्याला विचारलं जावं, हे हप्तेकऱ्याला सुचलं नव्हतं. तेही रिझर्व्ह बँकेनेच सुचवलं. याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला, १८७५ साली गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं हिसकावून जाळली होती. तो मार्ग कोणी सुचवणार नाही, आणि आज जाळायला तरी काय मिळणार, सगळं पीडीएफ. पण कर्जदाराने सावकाराकडे मान वर करून बघावं, एवढा तरी त्याचा अंश उरायला हरकत नव्हती.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. थेंबे थेंबे तळं साचतं, कोथिंबिरीला हसू नका, असं हप्तेकऱ्याची आई म्हणते. मी तिच्या बाजूने हिशेब करून पाहिला तर बाई बरोबर निघाली. दिवसाला ३० रुपये वाचले तर महिन्याला ९०० होतात. हे ९०० पहिल्या महिन्यापासून हप्त्यासोबत मुद्दलात भरले, तर मुदत वीसएक महिन्यांनी कमी होते आणि भरलेले जादा पैसे वजा जाऊनही तीन लाखांच्या वर वाचतात. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांनी लावायचा नाही, हा नियम तर २०१२ पासून आहे. म्हणजे कोथिंबीर थट्टेचा विषय नाही. पण ते ९०० रुपये कर्जखात्यापर्यंत पोचतात का? ते बचतखात्यात पडून राहतात आणि तिथून जातात ते दुसऱ्या भिडेच्या वाटेने. मेव्हण्याच्या मुलाची मुंज, साहेबांच्या मुलीचं लग्न, सोसायटीच्या गणपतीची वर्गणी. आहेराच्या पाकिटात ५०१ घालायचे असं घरून ठरवून निघालेला हप्तेकरी कार्यालयाच्या दारात, मागून चुलतभाऊ येताना दिसला, की पाकिटात २,१०० भरतो. भाजीवालीकडून महिनाभर रुपया-रुपयाने जमवलेलं एका मुंजीत वाटून मोकळा होतो. नातेवाइकांना त्याचा फ्लॅट माहीत असतो, वास्तुशांतीला जेवून गेलेले असतात. हप्ता मात्र कोणाला माहीत नसतो, तो सांगायची भीड.

दुसरा आक्षेप जरा शिकलेल्या मंडळींचा. त्यांच्या मते गृहकर्ज लवकर फेडणं हाच मूर्खपणा, कारण करात सवलत मिळते आणि तोच पैसा एसआयपीत घातला तर जास्त सुटतो. करसवलतीचं बोलायचं तर, राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीत आहे, नव्या पद्धतीत नाही, आणि पुष्कळ पगारदार आता नव्या पद्धतीत गेलेत. शिवाय शंभर रुपये व्याज भरून तीस रुपये कर वाचवायचा, या व्यवहारात सत्तर रुपये गेलेच की! एसआयपीचा मुद्दा कागदावर बिनतोड आहे. फक्त तो मांडणारा हप्तेकरी प्रत्यक्षात एसआयपी जूनमध्ये शाळेची फी आली की थांबवतो, आणि त्याचा खरा पैसा असतो सहकारी बँकेतल्या मुदतठेवीत. साडेआठने कर्ज आणि सातने ठेव, वर ठेवीच्या व्याजावर कर. ‘अडीनडीला असावी’ हे त्याचं कारण मान्य. चार-सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते एवढी रक्कम बाजूला हवीच, नोकरीचा आता कोणाला भरवसा आहे? पण त्याहून जास्तीची ठेवही मोडत नाही ती शेजारच्या काउंटरवरचे काका ‘का हो, काय झालं?’ विचारतील म्हणून.

या सगळ्यात हप्तेकरणीचं काय, हे विचारायलाच हवं, कारण बजेट प्रत्यक्षात चालवते ती. किराण्याची यादी, क्लासची फी, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी, कालनिर्णयाच्या चौकटीत दुधाचे खाडे, आणि शिवाय एक भिशी, जिच्यातून मागच्या वर्षीचा फ्रिज आला. कर्जात ती सहअर्जदार असते, म्हणजे सह्या तिनेही केलेल्या असतात. माझ्या मते या घरातली एकमेव अर्थतज्ज्ञ तीच आहे, आणि तिला भीडही कमी आहे. बँकेत नेली तर ती सरळ विचारेल की आमच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांना अर्धा टक्का कमी कसा. म्हणूनच तिला नेत नाहीत. नेलीच, तर खुर्चीखालून पायाने खूण होते. भिशीत एका बाईने महिना चुकवला तर तिच्या दारात जाऊन पैसे मागणारी ही बाई नवऱ्याच्या शेजारी बँकेत फक्त आधार कार्डाची झेरॉक्स पुढे करायला बसते. तिला वाणसामानाची यादी काटायला लावतात, व्याजाच्या पत्रकाला मात्र हात लावू देत नाहीत. सुटीत कोकणात जायचं रद्द होतं ते तिच्या वाट्याचं, क्रिकेटचे सामने दाखवणारं सबस्क्रिप्शन चालू राहतं.

भिडस्त माणसं निदान प्रामाणिक असतात, वेळेवर फेडतात, त्यांच्यामुळेच बँका चालतात, असा शेवटचा बचाव कोणी करील. हो, चालतात. बँकेच्या दृष्टीने याच्याइतकं गुणी गिऱ्हाईक दुसरं नाही, आणि कसलीही तक्रार न करता वीस वर्षं वेळेवर हप्ता भरणं ही लहान गोष्ट नाही. त्यात दोन मुलांची शिक्षणं, एक हृदयाची शस्त्रक्रिया आणि एक गेलेली नोकरी निभावलेली असते. पण प्रामाणिकपणाला गप्प बसण्याची अट कोणी घातली? मागणारा माणूसही वेळेवर फेडू शकतो. हप्तेकऱ्याला हे पटतं, मान डोलावतो, पुढच्या सोमवारी बँकेत जाऊन बोलतोच म्हणतो. सोमवारी बँकेत फार गर्दी असते.

एक दिवस कर्ज फिटतं. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत घराचे मूळ कागद परत द्यायचे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला मोजायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आयुष्यात पहिल्यांदा मीटर उलटा फिरायची सोय झाली. पस्तिसाव्या दिवशी हप्तेकरी शाखेत येतो तो अर्धा किलो पेढ्यांचा पुडा घेऊन. कागद अजून मुख्य कार्यालयातून आलेले नाहीत असं कळतं. तो सगळ्या टेबलांवर पेढे वाटतो, साहेबांना दोन देतो, आणि निघताना म्हणतो, ‘सावकाश होऊ द्या सर, मला काही घाई नाही.’