पट काढल्यावर पुढे काय?

आमच्या बुवापाड्यात कुस्तीवरचा शेवटचा शब्द आबांचा. आबा कराडकडचे, उमेदीची वर्षं अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत गेली, पण कान आखाड्यातच मोडलेले. माझ्या पुतण्याने ब्राझिलियन ज्यु-जित्सूचा वर्ग लावला, तेव्हा त्यांची एकच चौकशी: "एकेरी पट शिकवत्यात का?"

पुतण्याने मोबाइलवर एक लढत लावून दिली. एका गड्याने पट काढला, म्हणजे समोरच्याचा पाय उचलून छातीशी आवळला, खांद्याचा रेटा दिला आणि त्याला पाठीवर घातला. आबांनी मांडीवर थाप मारली. त्यांच्या हिशेबी कुस्ती निकाली झाली होती, आता फक्त फेटा बांधायचा. पण पडलेल्या इसमाने निवांतपणे दोन्ही पाय वरच्याच्या कमरेभोवती गुंफले, आणि थोड्या वेळाने वरचाच हात आपटून शरण आला.

"आरं, पडलेलाच निवडून आला की!" आबा म्हणाले.

गोची आहे ती इथेच. मातीत दोन्ही खांदे टेकले की खेळ खलास, म्हणून पैलवान जन्मभर पाठीला जपतो. ज्यु-जित्सूवाला मात्र कधीकधी आपणहून खाली बसतो. त्याला पाडण्याचे गुण दोनच, तेही वर तीन सेकंद टिकलात तर. पुढे तो खालून हात पिरगाळणार, गळा आवळणार. मातीत गळा आवळायला बंदी, त्यामुळे पटात शिरणारा डोकं बिनघोर कुठेही खुपसतो. इथे मान बाहेरच्या बाजूला लोंबली की ती थेट समोरच्याच्या बगलेत जाते आणि ‘गिलोटिन’ लागतो. नावावरूनच कल्पना यावी. तेव्हा डोकं आत, त्याच्या बरगडीला चिकटलेलं, पाठ ताठ. त्याआधी कॉलरची नि बाहीची पकड सोडवायची, नाहीतर पायापर्यंत पोचणंच मुश्कील. लंगोटावर लढणाऱ्याला ही कापडाची कटकट ठाऊकच नसते.

माझ्या मते खरी अक्कल त्याच्याही पुढे लागते. तो पडला तरी पाय सोडायचा नाही. तोच दाबून धरत बगल देऊन बाजूला निघायचं. हौशी माणूस नेमका इथेच पाय सोडतो आणि टाळ्यांची वाट बघतो.

आबांना हे पटेना. मग पुतण्याने इतिहास काढला. मित्सुयो माएदा नावाचा जपानी ज्यूदोपटू 1914 साली ब्राझीलला पोचला, त्याच्याकडून ग्रेसी घराण्याने विद्या उचलली. म्हणजे हे सगळं ज्यूदोचंच पिलू. आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना कांस्यावर थांबावं लागलं, त्या गटात सुवर्ण नेणारा, खाशाबांनाही हरवणारा शोहाची इशी मुळात ज्यूदोवालाच. युद्धानंतर अमेरिकनांनी जपानात ज्यूदोवर बंदी आणली, म्हणून तो कुस्तीकडे वळला होता.

"म्हंजे आपल्या खाशाबांना ज्यूदोवाल्यानं अडवलं?" आबा ताठ बसले.

तेव्हापासून पुतण्याला जिन्यातून सरळ वर येणं अवघड झालं आहे. आबा वाटेत त्याचा पाय धरतात, डोकं बरगडीला लावतात, भिंतीपर्यंत रेटत नेतात आणि मोठ्याने तीनपर्यंत मोजून दोन गुण मागतात.